यशश्रीच्या बॉनेटवरचे तीन शिक्के

माणूस निवृत्त झाला की त्याच्यापाशी दोनच गोष्टी उरतात, वेळ आणि पद्धत. वेळेचे काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. पद्धत मात्र हाडांत मुरलेली असते. म्हणून जबलपूरसारख्या शहरात, जिथे दर चौथ्या मराठी घरात संरक्षण कारखान्यातून, रेल्वेतून किंवा केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेला एक तरी गृहस्थ आढळतो (उरलेल्या तीन घरांत दोन-दोन आढळतात), कोणतीही गोष्ट घाईघाईने बिघडत नाही. ती रीतसर बिघडते.

अशा रीतसर कामाचा नमुना म्हणून जबलपुरातल्या मदन महल वस्तीतील ‘इंधनपुरवठा पद्धती परिवर्तन विचार समिती’ हिच्या कार्याची ओळख करून देणे मी माझे कर्तव्य समजतो. मी या समितीचा सचिव आहे. कारखान्यात मी एकतीस वर्षे फायली सांभाळल्या आणि एकही हरवू दिली नाही. काही फायली तर इतक्या सुरक्षित आहेत की अजून कोणालाच सापडलेल्या नाहीत.

समितीपुढचा प्रश्न साधा आहे. माझे शेजारी अण्णा सोनटक्के यांच्या सव्वीस वर्षे जुन्या मोटारीत पेट्रोल इंजेक्शनने जाते. ते काढून तिथे कार्बुरेटर बसवावा, की बसवू नये?

ज्यांना यातले काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाला पेट्रोल पाजण्याच्या दोन रीती आहेत. कार्बुरेटर हे एक धातूचे भांडे असते. त्यात हवा आणि पेट्रोल एकत्र होते आणि इंजिन आपल्याला हवे तेवढे ओढून घेते, पंगतीत बसल्यासारखे. इंजेक्शनमध्ये एक छोटा संगणक मोजून मापून घोट देतो, पथ्यावर असल्यासारखे. पहिल्या रीतीत बिघाड कुठे झाला ते चटकन कळते, पण तो वरचेवर होतो. दुसऱ्या रीतीत तो दहा वर्षांतून एकदा होतो, पण कुठे झाला ते कळत नाही. एवढे समजले की माणूस समितीत बसायला लायक झाला. (यापेक्षा जास्त समजणाऱ्याला मेकॅनिक म्हणतात, आणि मेकॅनिकला समितीत घेता येत नाही.)

गाडीचे नाव यशश्री. ती घेतली तेव्हा नाव ठेवायला नऊ माणसे बसली होती आणि सात नावे फेटाळून हे मंजूर झाले. ती कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. ती कंपनी आता उरलेली नाही आणि तिची बाजू मांडायला कोणी हजर राहणार नाही. रंग दुधी, घाट गोलसर, पुढचे आसन बाकासारखे सलग. या सलग आसनाला पुढे महत्त्व आहे.

अण्णांच्या पत्नी हेमलतावहिनी. त्यांच्या थोरल्या भगिनी दीड तासावरच्या कुंडम गावी असत. त्यांचे यजमान जंगल खात्यात होते, आणि ते गेल्यावरही ताईंनी कुंडम सोडले नव्हते. दर डिसेंबरात तिकडचे आवळे उतरले की अण्णा यशश्रीतून वहिनींना कुंडमला पोहोचवत. चार दिवस दोघी बहिणी अंगणात बसून आवळे टोचत, पाक करत, एकमेकींच्या पाकाला नावे ठेवत. पाचव्या दिवशी अण्णा वहिनींना आणि मोरावळ्याच्या बरण्यांना परत आणत. हा क्रम बावीस वर्षे चालला.

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात अकरा बरण्या घेऊन यशश्री परत आली आणि फाटकातून आत शिरल्याबरोबर बंद पडली. वाटेत जंगलात नाही, पुलावर नाही, तर आपल्या दारात. खानदानी वस्तू कशी बंद पडते ते यावरून कळावे.

वहिनींचे गुडघे गेलेले आहेत. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. यशश्रीच्या पुढच्या आसनावर मात्र पाय लांब करून त्या दीड तास सुखाने बसू शकत. ताईंचे गुडघे वहिनींपेक्षा आठ वर्षांनी जास्त गेलेले होते. सारांश, यशश्री चालली तर बहिणी भेटणार आणि न चालली तर नाही. ही बाब समितीच्या पहिल्याच इतिवृत्तात ‘इतर’ या सदराखाली नोंदवलेली आहे.

समिती स्थापन कशी झाली तेही सांगितले पाहिजे. गाडी बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातल्या ओमती भागातून योगेश नावाचे मेकॅनिक आले. त्यांनी बॉनेट उघडले, अकरा मिनिटे डोके आत घातले आणि बाहेर काढून म्हणाले, “बाबूजी, चूहे ने तार काट दी है. पंप को करंट ही नहीं जा रहा. दो घंटे का काम है.”

अण्णा ‘चलो, करा’ म्हणणार एवढ्यात कुंपणापाशी चिंतामणराव बक्षी उभे असलेले दिसले. चिंतामणराव कारखान्याच्या इंजिन विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात जेवढी इंजिने ऐकली तेवढी माणसे ऐकलेली नाहीत.

“अण्णा, आज ही तार जोडशील, उद्या उंदीर दुसरी खाईल,” ते म्हणाले. “जिथे तारच नाही तिथे तो काय खाईल? इंजेक्शन काढून फेक. कार्बुरेटर बसव. एक पेचकस घेऊन स्क्रू पिळला की जन्मभर पाहायला नको.”

“काहून पण?” दुसऱ्या बाजूच्या कुंपणावरून आवाज आला. ते भय्यासाहेब सुभेदार, कारखान्याच्या गुणवत्ता तपासणीतले. यांचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले ते तह होईपर्यंत थांबायचे म्हणून, आणि भय्यासाहेबांच्या मते समाधानकारक तह अजून झालेला नाही. “पुढे गेलेली गाडी मागे काहून नेऊन राहिला तू, चिंतामण? उद्या म्हणशील, बैल जुंपा.”

अण्णा दोघांचेही मित्र. एकाचे ऐकले असते तर दुसरा दुखावला असता. म्हणून त्यांनी दोघांचेही ऐकायचे ठरवले, आणि दोघांचे ऐकण्यालाच समिती म्हणतात. मला सचिव म्हणून घेतले, कारण माझ्याकडे फायलींची दोरी होती.

पहिल्याच बैठकीत तज्ज्ञाचे मत म्हणून योगेश यांना विचारण्यात आले, “इंजेक्शन बदलावे की बदलू नये?”

“बदलना काहे को है?” ते म्हणाले. “तार जोड़नी है.”

समितीने हे म्हणणे आदराने ऐकले. परंतु प्रश्न ‘बदलावे की बदलू नये’ असा होता आणि उत्तर ‘तार जोडावी’ असे आले. प्रश्नाशी संबंध नसलेले उत्तर म्हणून ते वेगळ्या फायलीत ठेवण्यात आले. त्या फायलीत आजपर्यंत तेवढा एकच कागद आहे.

त्यानंतर कामाला खरी गती आली. दुसऱ्या ते सातव्या बैठकीत गाडी ‘क्लासिक’ आहे की नुसतीच जुनी, हे पाहिले गेले. कारण जुनी असेल तर चालवायची असते आणि क्लासिक असेल तर जपायची असते, आणि दोन्हींचे इंधन वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. बऱ्याच ऊहापोहानंतर अशी व्याख्या ठरली: जी पाहून येणारा-जाणारा ‘अरे, अजून आहे का ही?’ म्हणतो ती गाडी क्लासिक. (हीच व्याख्या लावली तर समितीचे चारही सदस्य क्लासिक ठरतात, असे भय्यासाहेबांनी निदर्शनास आणले. नोंद घेतली.)

आठव्या बैठकीला चिंतामणराव स्टीलच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवलेला एक कार्बुरेटर घेऊन आले. नागपूरच्या भंगार बाजारातून त्यांनी तो आणला होता. तो भलत्याच गाडीचा होता, पण काय सुरेख होता! त्यांनी तो फडक्यावर ठेवला, बोटाने झडप उघडझाप करून दाखवली, आणि त्यांच्या डोळ्यांत असे काही आले की भय्यासाहेबसुद्धा चष्मा लावून जवळ सरकले. मग भय्यासाहेबांनी आपल्या पिशवीतून एकसष्ट पाने काढली. ती इंटरनेटवरून उतरवलेली होती. त्यात कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी याच प्रश्नावर आपापले अनुभव लिहिले होते. एकाने इंजेक्शन काढून कार्बुरेटर बसवला होता आणि त्याला पश्चात्ताप झाला होता. दुसऱ्याने बसवला नव्हता, त्यालाही पश्चात्ताप झाला होता. मी दोन्ही पश्चात्ताप मोजून पाहिले. ते साधारण सारख्याच लांबीचे भरले.

आता, कार्बुरेटर प्रत्यक्ष घरात आल्यावर भय्यासाहेबांना रास्त शंका आली की अण्णा दुपारी झोपलेले असताना चिंतामणराव तो परस्पर बसवून टाकतील. उलट चिंतामणरावांना शंका आली की भय्यासाहेब योगेशला बोलावून तार जोडून घेतील आणि इंजेक्शन चालू करून दाखवतील. कारखान्यात अशा वेळी वादग्रस्त नमुना दोन्ही पक्षांसमक्ष सील करण्याची उत्तम पद्धत होती. आणि निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करताना आमच्यापैकी प्रत्येकाने शिक्क्याची थोडी लाख आठवण म्हणून घरी आणलेली होती. नवव्या बैठकीत यशश्रीचे बॉनेट ‘जैसे थे’ ठेवण्यासाठी दोऱ्याने बांधून त्यावर लाखेचे तीन शिक्के मारले गेले. चिंतामणरावांनी आपल्या अंगठीचा उमटवला. भय्यासाहेबांनी घराण्याची मुद्रा आणली. अण्णांकडे काहीच नव्हते. त्यांनी वहिनींच्या कुंकवाच्या करंड्याचे बूड उमटवले.

नियम असा करण्यात आला की निर्णय झाल्याशिवाय शिक्के तोडायचे नाहीत, पाहणी झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, आणि शिक्के तोडल्याशिवाय पाहणी होणार नाही. यात काही विसंगती आहे असे वाचकाला वाटेल. आम्हालाही सोळाव्या बैठकीत तसे वाटले होते. त्यावर उपसमिती नेमली आहे.

पहिल्याच मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली लाख मऊ झाली आणि चिंतामणरावांचा शिक्का घसरत जाऊन भय्यासाहेबांच्या शिक्क्यावर बसला. हे अतिक्रमण होते. तीन महिने चौकशी चालली. साक्षीदार म्हणून वहिनींना बोलावले. त्या म्हणाल्या, “उन्हानं वितळलं, अजून काय?” ही साक्ष थोडी त्रोटक होती, पण अखेर चौकशीचा निष्कर्ष त्याच्या जवळपासच आला. मे महिना दोषी ठरला. त्याला ताकीद देण्यात आली आणि शिक्के पुन्हा मारले गेले.

समितीच्या कामाचा आवाका कळावा म्हणून काही आकडे देतो. चार वर्षांत बैठका चव्वेचाळीस. रद्द झालेल्या बैठका चार (दोन चिंतामणरावांच्या मोतीबिंदूमुळे, एक क्रिकेटच्या सामन्यामुळे, एक सर्वांचे एकमत होण्याचा धोका निर्माण झाल्यामुळे). इतिवृत्ताची पाने अकराशे साठ. प्रत्येक बैठकीत शिक्के शाबूत असल्याची तपासणी, सरासरी चाळीस मिनिटे. प्रत्येक बैठकीला चहा, आणि चहाबरोबर काचेच्या छोट्या वाट्यांतून कुंडमचा मोरावळा. दर चार बैठकांना एक बरणी संपत असे. मोरावळ्याबद्दल समितीत कधीही मतभेद झाला नाही. ‘मोरावळा उत्तम’ हा त्या चार वर्षांत एकमताने झालेला आमचा एकमेव ठराव आहे, आणि तो चव्वेचाळीस वेळा झाला.

वहिनी कधीकधी ट्रे ठेवताना विचारत. पहिल्या हिवाळ्यात विचारले, “का हो, आवळे उतरले असतील आता. ठरलं का?” दुसऱ्या हिवाळ्यात विचारले, “यंदा तरी ठरून राहिलं ना?” तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी विचारले नाही. वाट्यांत दोनाऐवजी एकेक आवळा यायला लागला, एवढेच. ही कपात कोणत्या आदेशान्वये झाली, असा प्रश्न भय्यासाहेबांनी उपस्थित केला होता. वहिनी आत गेल्या होत्या म्हणून तो पुढे ढकलला.

दर रविवारी कुंडमहून ताईंचा फोन येई. त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे वहिनी फोनचा स्पीकर लावून व्हरांड्यात ओरडून बोलत आणि आमच्या बैठकीत अकारण व्यत्यय येई.

“गाडी सुधरली का गं?” तिकडून आवाज.

“नाही ताई! विचार करून राहिले!”

“अजून? मोटार आहे का लग्नाची मुलगी? किती वर्षं पाहतील!”

यावर एकदा चिंतामणरावसुद्धा हसले. मग ताई सांगत की यंदाही आवळे उतरवून ठेवले आहेत, तू आलीस की करू. मग फेब्रुवारीत सांगत की एकटीला टोचायला होत नाही, हात दुखतात, म्हणून चिरून वाळवून टाकले. चार हिवाळे त्यांनी आवळे उतरवले. मी ही माहिती घेऊन ठेवली आहे, कारण ती कानावर येत होती आणि माझ्या हातात पेन होते.

इथे एक आक्षेप येतो की मग टॅक्सी का केली नाही. हा आक्षेप प्रथम अण्णांची नात समिधा हिने घेतला. ती इथेच कॉलेजात शिकते. तिला मराठी सगळे समजते, पण बोलताना अर्ध्या वाटेवर हिंदी लागते. ती म्हणाली, “आजी, मी बुक करून देते ना. दस मिनट में गेट पर आ जाएगी.”

“घरी स्वतःची गाडी असून भाड्याच्या गाडीनं जायचं?” अण्णा म्हणाले. “लोक म्हणतील, सोनटक्क्यांची गाडी बंद पडली.”

“पण बंदच तर आहे, आबा!”

“बंद नाही. विचाराधीन आहे.”

अण्णांचे म्हणणे नियमाला धरून होते. प्रकरण समितीपुढे असताना बाहेरून गाडी मागवणे म्हणजे निकाल आधीच गृहीत धरण्यासारखे झाले असते. शिवाय अण्णांना वहिनींना स्वतःच घेऊन जायचे होते. बावीस वर्षे त्या वाटेवर त्यांनी गाडी चालवली होती, आणि भाड्याच्या गाडीत मागे बसून कुंडमला जाणे त्यांच्या जिवावर आले असते. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण दर सकाळी ते यशश्रीची काच पुसत असत, आणि वहिनींच्या बाजूची काच थोडी जास्त वेळ पुसत असत.

वहिनी त्या दिवशी उठून आत गेल्या. त्यांनी चहा आणला.

चव्वेचाळिसावी बैठक गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी भरली. शिक्के शाबूत होते. शेवटच्या बरणीत नुसता पाक उरला होता आणि तो वाट्यांत चमचा-चमचा आला होता. चिंतामणराव कार्बुरेटरची झडप पुसत होते, भय्यासाहेब एकसष्टातले चाळिसावे पान वाचत होते, एवढ्यात वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातात ट्रे नव्हता. चार वर्षांत असे प्रथमच घडत होते, त्यामुळे मी वेळ लिहून ठेवली. चार वाजून बावीस मिनिटे.

“ताईच्या शेजारच्या मास्तरीणबाईंचा फोन होता,” त्या म्हणाल्या. “ताई निजून आहे. दोन दिवस झाले, काही खाऊन नाही राहिली. मला आज कुंडमला जायचं आहे. आज म्हणजे आज.”

भय्यासाहेब उठून उभे राहिले. त्यांच्या घराण्यात बाईमाणसासमोर बसून बोलण्याची पद्धत नाही. “वहिनी, तुम्ही म्हणाल तसं,” ते म्हणाले. “मी आत्ता शिक्का तोडतो. फक्त चिंतामणनं आधी लिहून द्यावं की तार जोडली म्हणजे इंजेक्शनच राहील असा त्याचा अर्थ होतो.”

“काहून लिहू?” चिंतामणराव म्हणाले. “मीही तोडतो. आधी तू लिही की तार जोडणं हे तात्पुरतं आहे.”

दोघेही शिक्का तोडायला तयार होते, हे मी मुद्दाम नोंदवतो. समितीत माणुसकी नव्हती असे कोणाला म्हणता येऊ नये. फक्त आधी कोणी तोडायचा एवढाच प्रश्न होता. अण्णा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होते. आपला शिक्का आपण आधी तोडावा असे त्यांच्या मनात आले असावे, कारण ते शेडपर्यंत जाऊन आले. पण एकट्याचा शिक्का तोडून बॉनेट उघडत नाही. दोरा तिन्हींतून जातो. मीच तो तसा ओवला होता.

चर्चा एक तास पन्नास मिनिटे चालली. ‘प्रकरण अत्यंत तातडीचे असल्यामुळे त्यावर पंधरा दिवसांच्या आत निर्णय घेण्यात यावा’ असा ठराव झाला. समितीच्या इतिहासात इतकी कमी मुदत कधी दिली गेली नव्हती. हे आनंदाने सांगायला मी आत गेलो, तर घरात कोणी नव्हते.

पुढचे मागच्या फाटकासमोरच्या शेजाऱ्यांकडून कळले. समिधाने ओमतीला फोन केला होता. योगेश आपली व्हॅन घेऊन वीस मिनिटांत आले. वहिनींना पाय लांब करता यावेत म्हणून त्यांनी मधली सीट काढून टाकली होती आणि खाली गादी घातली होती. “अम्मा, आराम से,” म्हणत त्यांनी आणि समिधाने वहिनींना आत बसवले आणि कुंडम रोड धरला. या कामासाठी त्यांनी कोणाशीही विचारविनिमय केला नव्हता, हे खेदाने नमूद करावे लागते.

वहिनी जाताना फारसे काही घेऊन गेल्या नाहीत. दोन पातळे, औषधांची पिशवी, आणि कुंकवाचा करंडा. तिसरा शिक्का ज्याचा आहे तो करंडा आता मदन महलात नाही. म्हणजे उद्या शिक्के तोडले, तरी ते पुन्हा पूर्ववत मारता येणार नाहीत. या अडचणीकडे मी समितीचे लक्ष वेधले आहे.

ताई सहा दिवस होत्या. समिधा मधे एकदा कपडे न्यायला आली तेव्हा म्हणाली, “आजी पलंगापाशी बसून आवळे टोचून राहिली. मोठी आजी तर उठत पण नाही, पण झोपल्या झोपल्या सांगते, पाक पतला है, और पकाओ.” सहाव्या दिवशी सकाळी ताई गेल्या. अण्णा अंत्यविधीला वेळेवर पोहोचले, बसने गेले. परतताना वहिनी त्यांच्याबरोबर आल्या नाहीत.

मला वाईट वाटले. चार वर्षे जो आवाज माझ्या प्रत्येक बैठकीत व्यत्यय आणत असे, तो आता येणार नाही, या विचाराने त्या दिवशी माझ्याच्याने जेवण झाले नाही. पण वाटणे इतिवृत्तात नोंदवण्याची पद्धत नाही, म्हणून मी ते इथे लिहीत आहे.

चौथ्या रविवारी पंचेचाळिसावी, विशेष बैठक भरली. चहा नव्हता. चिंतामणरावांनी सवयीने वाटीसाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. विषयपत्रिकेवर दोन विषय होते.

पहिला विषय, पंधरा दिवसांच्या मुदतीचा. ती मुदत आता संपत होती. भय्यासाहेबांनी मांडले आणि चिंतामणरावांनी अनुमोदन दिले की ज्या कारणासाठी घाई होती ते कारण दुर्दैवाने उरलेले नाही, त्यामुळे समितीला आता प्रश्नाच्या मुळाशी जाता येईल. दोन वर्षांची मुदतवाढ एकमताने मंजूर झाली. अण्णा मतदानाच्या वेळी शेडमध्ये काच पुसत होते. त्यांचे मत होकारार्थी धरले.

दुसरा विषय, शोकप्रस्ताव. मी मसुदा आधीच तयार केला होता. ‘कुंडम निवासी कैलासवासी श्रीमती’ इथपर्यंत वाचले आणि थांबलो. पुढे जागा मोकळी होती.

“अण्णा,” मी हाक मारली, “ताईंचं नाव काय?”

अण्णा शेडमधून बाहेर आले. फडके हातात तसेच. त्यांनी त्याची घडी घातली, पुन्हा मोडली. मग म्हणाले, “आम्ही ताईच म्हणायचो.”

लग्नाला पन्नास वर्षे झालेल्या माणसाचे हे उत्तर मला अपुरे वाटले, म्हणून आम्ही कागदपत्रे काढली. अकराशे साठ पाने तिघांनी वाटून घेतली. कार्बुरेटर ज्या भंगारवाल्याकडून आणला त्याचे नाव सापडले. परदेशातल्या त्या दोन्ही पश्चात्तापी गृहस्थांची नावे सापडली. तार खाणारा प्राणी उंदीर होता की चिचुंद्री, यावरचे सहा पानी टिपण सापडले. ताई मात्र सगळीकडे ‘इतर’ होत्या.

शेवटी अण्णांनी कुंडमला फोन लावला. वहिनींनी उचलला. अण्णा म्हणाले, “अगं, इथे शोकप्रस्ताव लिहून राहिलो आम्ही. ताईंचं नाव काय होतं गं?” तिकडून बरणीचे झाकण लावल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. कुंडमकडे जंगलामुळे नेटवर्क धड मिळत नाही, असे समितीचे मत पडले. अण्णा त्यानंतर खुर्चीत बसून राहिले आणि त्यांनी कोणत्याच मतावर मत दिले नाही.

ताईंचा तेरावा होऊन बरेच दिवस झाले. वहिनी अजून तिकडेच आहेत. यंदाचा मोरावळा तिथेच आहे. प्रस्तावातली जागा मोकळीच आहे.

वाचकहो, तुम्ही हे इथपर्यंत लक्षपूर्वक वाचले आहे. गाडीचे नाव तुम्हाला आता तोंडपाठ झाले असेल. मेकॅनिक कुठला, कार्बुरेटर कोणत्या गावाहून आला, लाखेचे शिक्के किती आणि कोणाकोणाचे, हेही सांगू शकाल. इंजेक्शन ठेवावे की काढावे याबद्दल तुमचे मतसुद्धा झाले असेल, आणि ते ठाम असेल. पण ताईंचे नाव मी सांगितले नव्हते, आणि तुम्हीही ते विचारले नाही.

समितीत एक जागा रिकामी झाली आहे. अण्णा आता बैठकीला येत नाहीत. तुम्ही अर्ज करण्याची गरज नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता यावे. चहा आपापला आणावा.